जवळचा पल्ला आणि वरचा वर्ग



प्रवासांत वर्ग कोणता घ्यावा, हा प्रश्न आपल्या घरांतून आगगाडीच्या काळापासून चर्चिला जात आहे. वरच्या वर्गाचें भाडें देऊन आपण नेमकें काय विकत घेतों—जागा, वेळ, कीं नुसता मान—याचा विचार आपल्या आजोबा-पणजोबांनींहि केला असेल. आज तोच प्रश्न युरोपांतील विमानांच्या संबंधानें आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. लंडनहून रोम, फ्रँकफुर्टहून अथेन्स, माद्रिदहून लिस्बन अशा एक ते चार तासांच्या उड्डाणांत ‘बिझिनेस क्लास’ म्हणून जो वर्ग विकला जातो, त्याचे जादा पैसे सार्थकीं लागतात काय? मुलगा जर्मनींत अथवा मुलगी इंग्लंडांत, आणि वर्षाआड त्यांच्याकडे जाणारे आईबाप, अशीं कुटुंबें आतां आपल्याकडे थोडीं नाहींत. तेव्हां हा विषय केवळ धनिकांचा राहिलेला नाहीं.

प्रथम विकली जाणारी वस्तु काय आहे, तें पाहूं. आपल्या देशांत एअर इंडियाच्या लहान विमानांत पुढील भागीं एका ओळींत दोन व दोन अशीं चारच रुंद आसनें असलेला वर्ग आपण पाहतों. इंडिगो कंपनीनेंहि २०२४ च्या नोव्हेंबरांत दिल्ली-मुंबई मार्गावर तशीच व्यवस्था सुरू केली. हें चित्र मनांत धरून जो प्रवासी युरोपांतील विमानांत शिरतो, तो गोंधळतो. तेथें एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ या जातीच्या विमानांत सर्वत्र तीन व तीन अशीं सहा आसनें असतात, आणि बिझिनेस क्लासमध्यें तींच सहा आसनें पुढें आलेलीं दिसतात. फरक इतकाच कीं, तिहींपैकीं मधलें आसन रिकामें ठेवण्यांत येतें. आसनाची रुंदी तीच, गुडघ्यांपुढील अंतर बहुधा तेंच, आणि पाठ मागें रेलण्याची सोय असलीच तर तीहि बेताची. पुढच्यांना मागच्यांपासून निराळें करणारी वस्तु एकच, आणि ती म्हणजे पडदा.

हा पडदा सरकता असतो, आणि साऱ्या व्यवहाराचें मर्म त्याच्या सरकण्यांत आहे. सोमवारीं सकाळीं कचेरीच्या कामाला निघालेले लोक पुष्कळ असतात, तेव्हां तो मागें न्यावा. ऑगस्टांत सारें युरोप सुटीवर गेलें कीं पुढें आणावा. रुंद आसनें जमिनीला कायमचीं जखडलीं तर गिऱ्हाईक नसलेल्या दिवशीं तीं रिकामीं उडतात. पडदा मात्र मागणीप्रमाणें हवा तेथें लावतां येतो. कंपनीच्या दृष्टीनें ही योजना शहाणपणाची आहे यांत संशय नाहीं. प्रश्न आपल्या दृष्टीचा आहे.

हें असें कां झालें, हें समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाला, आणि पूर्ण भाडें भरणारा व्यापारी गृहस्थ अर्ध्या भाड्यानें आलेल्या सहलवाल्याच्या शेजारीं बसूं लागला. त्याची तक्रार रास्त होती. तिच्यांतून हा मधला वर्ग जन्मला. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सनें १९८१ सालीं ‘युरोक्लास’ या नांवानें तो पूर्ण भाडें देणाऱ्यांसाठीं काढला. त्या काळांत कांहीं कंपन्यांनीं अशीं आसनेंहि बसविलीं होतीं, कीं कळ फिरवून मधलें आसन आकुंचित करावें व दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना चार बोटें अधिक रुंदी मिळावी. पुढें १९९३ मध्यें युरोपीय संघानें आपलें आकाश स्पर्धेला मोकळें केलें; १९९५ मध्यें ईझीजेट उडूं लागली; रायनएअर तर आधींपासूनच होती. या स्वस्त कंपन्यांत वरचा वर्गच नाहीं. त्यांच्याशीं झुंजतांना जुन्या कंपन्यांनीं वजन, यंत्रणा व खर्च कमी केले, आणि तीं चार बोटेंहि गेलीं. उरला तो पडदा.

आतां थोडें अंकगणित करूं. ओळींतील सहा जागांपैकीं दोन रिकाम्या ठेवल्या म्हणजे सहांचें उत्पन्न चौघांकडून काढावें लागतें. समजा, लंडनहून रोमला जाण्याचें साधें तिकीट ८० पौंड आहे. सहा जागांचे ४८० पौंड झाले. तेवढेच चौघांकडून घ्यावयाचे तर प्रत्येकीं १२० पडतात, म्हणजे साध्याच्या दीडपट. वरच्या वर्गाचें तिकीट २२० पौंडांना असेल, तर १२० च्या वरचे १०० पौंड हे खाणेंपिणें, विश्रांतिगृह आणि नफा यांचे होत. हे आंकडे मीं उदाहरणादाखल घेतले आहेत. आपण आपल्या तिकिटाचे घालून पाहावे.

ही दीडपट आणखीहि एका ठिकाणीं भेटते. ब्रिटिश सरकार दरसाल जें धुराचें गणित प्रसिद्ध करतें, त्यांत जवळच्या पल्ल्यावरील बिझिनेस क्लासच्या प्रवाशाच्या नांवें साध्या वर्गांतील प्रवाशाच्या सुमारें दीडपट कार्बन मांडला जातो. रिकाम्या आसनाचा भार कोणाच्या तरी खातीं पडावयाचाच! शिवाय ब्रिटनमधून युरोपांत जाणाऱ्या विमानावरील प्रवासी-करहि वरच्या वर्गाला सुमारें दुप्पट लागतो. आसन तेंच असलें तरी कर घेणारा पडदा ओळखतो.

मग या पैशांत मिळतें तरी काय? खरें सांगावयाचें तर, जें मिळतें त्यांतील मोठा भाग आकाशांत नसून जमिनीवर आहे. सामान देण्याची निराळी खिडकी, तपासणीची आंखूड रांग, बसण्या-खाण्याचें विश्रांतिगृह, विमानांत आधीं प्रवेश, आणि ब्रिटिश एअरवेज किंवा लुफ्तान्सा यांसारख्या कंपन्यांत ३२-३२ किलोंचे दोन नग. विमानांत मिळतें तें तबकांतील जेवण, पेय आणि शेजारची मोकळी जागा. लंडन-पॅरिससारख्या उड्डाणांत प्रत्यक्ष हवेंत तासभरहि जात नाहीं. तेथें जेवण वाढणें व तबकें उचलणें यांतच सेविकांची आणि खाणाऱ्यांची धांदल उडते.

या जिनसांची किंमत ठरविण्याची सोपी रीत वजाबाकीची आहे. वरील उदाहरणांत दोन तिकिटांत १४० पौंडांचा फरक आहे. साध्या तिकिटावर एक पेटी ४५ पौंडांना, पसंतीचें आसन १५ ला, व खाणें १० ला पडत असेल, तर ७० पौंड वजा गेले. उरलेले ७० पौंड आपण अडीच तासांची मोकळी जागा, विश्रांतिगृह आणि आंखूड रांग यांसाठीं देतों. पण पेटी घेऊन जाणेंच नसेल, तर ते ४५ पौंड वांचतात असें मानणें म्हणजे स्वतःलाच फसविणें होय. उलट लग्नकार्याचें सामान घेऊन निघालेल्या गृहस्थाला दोन जड पेट्यांचा आकार जमेस धरतां वरचा वर्ग जवळजवळ फुकट पडूं शकतो. विश्रांतिगृहाचेंहि तसेंच. दोन विमानांमध्यें चार तास काढावयाचे असतील तर त्याला मोल आहे. घरून वेळेवर निघून थेट विमानांत चढणाराला कांहींच नाहीं. आणि मधल्या जागेविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मंगळवारच्या दुपारीं विमान अर्धें रिकामें असतें, तेव्हां पडद्याच्या मागेंहि मधलें आसन पुष्कळदां मोकळेंच राहतें, आणि त्याला कोणी दाम मागत नाहीं.

कांहीं गोष्टी तर वरच्या वर्गाच्या म्हणून लोक विकत घेतात, परंतु त्या कायद्यानें सर्वांच्याच आहेत. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींसाठीं ही बाब मी मुद्दाम सांगतों. गुडघे दुखणाऱ्या आईला मोठ्या विमानतळावर चालावें लागूं नये, एवढ्यासाठीं कित्येक मुलें वरचें तिकीट काढतात. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमानें चालण्यास अडचण असलेल्या प्रवाशाला चाकांची खुर्ची व मदतनीस विनामूल्य मिळतात, मग तिकीट कोणत्याहि वर्गाचें असो. मात्र निदान ४८ तास आधीं कळवावें. त्याचप्रमाणें २००५ पासून अंमलांत आलेल्या दुसऱ्या एका नियमान्वयें, कंपनीच्या दोषामुळें विमान तीन तासांहून अधिक उशिरा पोंचलें तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासास २५० युरो भरपाई ठरलेली आहे. ती पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच. वरच्या वर्गांतला मनुष्य मागच्यापेक्षां अर्ध्या मिनिटानें आधीं पोंचतो, एवढाच काय तो त्याचा वेग! हा नियम आणखी असेंहि सांगतो कीं, वरच्या वर्गाचें तिकीट असून कंपनीनें खालीं बसविलें, तर या जवळच्या पल्ल्यावर तिकिटाच्या किंमतीचे शेंकडा ३० परत करावे. हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचे पैसे बुडतात.

आणि ज्या पल्ल्यावर आगगाडी उत्तम आहे, तेथें हा वादच करूं नये. लंडन-पॅरिस गाडी १९९४ पासून समुद्राच्या तळाखालून धांवते व सव्वादोन तासांच्या आसपास शहराच्या मध्यभागीं आणून सोडते. माद्रिदहून बार्सिलोना अडीच तासांवर आहे. फ्रान्सनें तर २०२३ सालीं अडीच तासांच्या आंत आगगाडीनें गांठतां येणाऱ्या कांहीं मार्गांवरील विमानें कायद्यानेंच बंद केलीं. बिझिनेस क्लासचे पैसे खर्चावयाचेच असतील, तर अशा गाडीच्या पहिल्या वर्गांत त्यांतून खरोखरीचें रुंद आसन येतें.

मग वरचा वर्ग घ्यावा तरी केव्हां? लिस्बनहून हेलसिंकी, लंडनहून कॅनरी बेटें, असे युरोपाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंतचे चार-पांच तासांचे प्रवास असतील, फरक दीडपटीच्या जवळपास असेल, सामान जड असेल किंवा मध्यें दीर्घ मुक्काम असेल, तर तो घेण्यांत उधळेपणा नाहीं. क्वचित् एखाद्या लहान मार्गावर, उदाहरणार्थ माद्रिद-लंडन किंवा हेलसिंकी-लंडन, दूरच्या पल्ल्याचें मोठें विमान लावलेलें असतें; त्यांत झोपतां येईल असें खरें आसन त्याच नांवाखालीं मिळून जातें. तिकीट काढतांना विमानाची जात पाहण्याची संवय म्हणूनच ठेवावी. परंतु मुंबईहून फ्रँकफुर्टपर्यंत साध्या वर्गानें अवघडून जाऊन, पुढच्या तासाभरासाठीं मात्र वरचें आसन घेणें हें, रात्र उघड्यावर काढून सकाळीं तंबू विकत घेण्यासारखें आहे. हातीं थोडे पैसे असतील, तर ते लांबच्या पल्ल्यावर खर्चावे.

एक शंका राहते. इतकें असूनहि हा वर्ग खपतो कसा? याचें उत्तर आसनांत शोधून सांपडणार नाहीं. पहिलें कारण असें कीं, बरींच तिकिटें दुसऱ्याच्या पैशानें निघतात. कचेरी पैसे देते, आणि भाव तिच्या खिशाकडे पाहून ठरतो. दुसरें कारण फार जुनें आहे. ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्यानें १८४९ सालीं आगगाड्यांच्या भाड्याचा विचार करतांना दाखवून दिलें कीं, तिसऱ्या वर्गाचे डबे बिनछपराचे ठेवण्यांत छपराचा खर्च वांचविण्याचा हेतु नसतो. दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊं शकणारानें तिसऱ्यांत बसूं नये, हा हेतु असतो. गरिबाला दुखवावें म्हणून नव्हे, तर श्रीमंताला भिववावें म्हणून तें छप्पर काढलेलें असतें. २०१७ सालीं ब्रिटिश एअरवेजनें जवळच्या पल्ल्यावरील साध्या वर्गाचें मोफत खाणें बंद केलें, तेव्हां पुढच्या वर्गांतील तबकाला कांहींहि न करतां मोल चढलें. पुढची बाजू उंच करतां येत नसली, म्हणजे मागची जरा खालीं करावयाची, ही युक्ति पावणेदोनशें वर्षांत बदललेली नाहीं.

म्हणून माझा अभिप्राय असा. आपल्या खिशांतले पैसे देऊन दोन तासांपर्यंतच्या उड्डाणासाठीं बिझिनेस क्लास घेण्यासारखा नाहीं. त्याहून लांब पल्ल्यावर वजाबाकी करून पाहावी आणि बाकी परवडेल तरच घ्यावा. वांचलेल्या पैशांत रोमला एक दिवस अधिक राहतां येतें, नातवंडांना दोन वस्तु अधिक नेतां येतात. पडदा उतरतांना बाजूला सारलाच जातो, आणि सामानाच्या पट्ट्यापाशीं सारे प्रवासी एकाच रांगेंत उभे असतात.