आश्रमशाळेचा कामाठी



सूरजागडचे नाव वृत्तपत्रांतून बहुधा दोनच कारणांनी येते. एक तेथील लोहखनिज आणि दुसरे, त्या खनिजाभोवती पेटलेला संघर्ष. डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे जाळलेली सत्तरहून अधिक वाहने अनेकांच्या स्मरणात असतील. दर जानेवारीत त्याच डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा भरते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. आणि एटापल्ली तालुक्यातील या रानात आश्रमशाळांतून माडिया मुले शिकतात, त्या शाळा रोज पहाटे कोणीतरी झाडतो, हे तर कोणाच्या गावीही नसते. आज विचार करायचा आहे तो त्या झाडणाऱ्याचा.

शासकीय दप्तरात त्याच्या पदाचे नाव 'कामाठी'. तेलुगू मुलखातून आलेल्या कष्टकऱ्यांना पूर्वी हे नाव होते; मुंबईचा कामाठीपुरा त्यांच्यावरूनच ओळखला जातो. आश्रमशाळेत मात्र जे काम दुसऱ्या कोणाचे नाही, ते कामाठ्याचे! पाणी भरणे, स्वयंपाक्याच्या हाताखाली धान्य निवडणे, भांडी घासणे, वर्ग आणि निजण्याच्या खोल्या झाडणे, तुंबलेले संडास मोकळे करणे. सामान्य शाळेला सायंकाळी कुलूप लागते. निवासी शाळेत शेकडो मुले तेथेच जेवतात, निजतात, आजारी पडतात. ती शाळा स्वच्छ ठेवणे हे एक मोठे घर स्वच्छ ठेवण्यासारखे आहे, आणि त्या घरात आई नाही.

या कामाला येथे केवळ नीटनेटकेपणाचा अर्थ नाही. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. पावसाळ्यात आवारात साचलेले डबके, झाकण नसलेली टाकी, फुटक्या डब्यातील पाणी, यांकडे कोणाचे लक्ष असेल तर ते कामाठ्याचे. दुसरे भय सापाचे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या मुलाला तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. म्हणून भिंतीलगतचे गवत कापलेले असावे, सरपणाची रास निजण्याच्या खोलीपासून दूर असावी, सांडलेले शिते-दाणे उचललेले असावेत. कारण दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. तालुक्याचे रुग्णालय दूर आणि नाल्यावरून पाणी वाहत असताना झाडू व विळा यांनाच औषधाचे मोल येते. परीक्षेच्या निकालपत्रात या गोष्टीला रकाना नाही.

अलीकडे त्यात लाल धुळीची भर पडली आहे. 2021 मध्ये खाण पुन्हा सुरू झाल्यापासून खनिज वाहणाऱ्या वाहनांनी आलापल्लीकडील रस्ता गजबजला. रस्त्याकाठच्या गावांत सकाळी झाडलेली ओसरी दुपारी पुन्हा तांबडी होते. विकास हवा की नको, हा वाद विद्वान घालोत; ती धूळ पुसणाऱ्या हाताला तो प्रश्न कोणी विचारलेला नाही.

आता या श्रमाचे आपण काय मोल करतो ते पाहा. राज्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना शिपायाचे पदच नसते. गुरुजी आणि मुले मिळून झाडतात. अनुदानित माध्यमिक शाळांतील शिपायाची पदे रिक्त होताच त्याजागी ठोक भत्ता देण्याचा निर्णय डिसेंबर 2020 मध्ये झाला. ग्रामीण भागासाठी तो दरमहा 5,000 रुपये. आश्रमशाळांतील कित्येक कर्मचारी वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबले, आणि ती पदे बाहेरच्या संस्थेमार्फत भरण्याचे ठरल्यावर 2025 च्या पावसाळ्यात त्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. त्यांच्या मागणीच्या तपशिलाबद्दल मतभेद असू शकतील. पण हातात खराटा घेणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवणाऱ्या राज्यात, प्रत्यक्ष खराटा धरणाऱ्याला उद्याची शाश्वती नसावी, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही.

वनवासी भागात सहलीला किंवा सेवाकार्याला जाणारी मंडळी शाळेत पाटी-पुस्तके, गणवेश वाटतात. ते चांगलेच आहे. परंतु हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, फिनेल, लांब दांड्याचा ब्रश कोणी नेल्याचे क्वचितच ऐकू येते. शाल-श्रीफळापेक्षा ते बूट पावसाळ्यात अधिक उपयोगी पडतील. आणि झाडण्याचे काम अमुक जातीचे, ही समजूत ज्या शहरी घरांत अजून उरली आहे, तेथील मुलांनी एखाद्या सुट्टीत कामाठ्याबरोबर एक संडास घासून पाहावा. समरसतेवरील बौद्धिकाहून ते लवकर समजेल.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच्या आधीच कामाठी दीड-दोन महिने बंद असलेल्या खोल्यांची कुलुपे काढतो. छताखाली गांधीलमाश्यांची पोळी असतात, गाद्यांच्या घड्यांत विंचू निघतात. तो प्रत्येक गादी बाहेर नेतो, झटकतो, उन्हात टाकतो, ढग दिसले की पुन्हा आत घेतो. मग मुले येतात आणि धावत जाऊन आपापली जागा धरतात.