जुनी विजेची मोठी मोटार : घरासाठी की उतारूंसाठी ?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस प्रथम ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. त्या विषयावर आम्ही या व्यासपीठावरून पाच वेळा बोललो आहोत, आणि आपण तो पाचही वेळा शांतपणे ऐकून घेतला आहे. यंदा विषय आम्हीच बदलून मागितला. गेल्या दोन वर्षांत आपल्या ज्ञातीतील चार-पाच तरुण वापरलेली विजेची मोठी मोटार घेण्याच्या विचाराने आमच्याकडे येऊन गेले. घरच्या लग्नकार्यास व देवदर्शनास ती उपयोगी पडावी, आणि एरवी उतारू नेऊन तिने आपला हप्ता आपणच फेडावा, असा त्यांचा हिशेब. पैसा मात्र बहुतेकांच्या बाबतीत वडिलांच्या निवृत्तीचा. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे; सदतीस वर्षे अंकगणित शिकविले एवढेच आमचे भांडवल. परंतु या व्यवहारास अंकगणितच अधिक लागते.

अशा मोटारी आपल्या देशात फार जुन्या नाहीत. बी. वाय. डी. कंपनीची ‘ई-सिक्स’ नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, आणि तिचे पुढील रूप ‘ईमॅक्स-सेव्हन’ ऑक्टोबर २०२४ मध्ये. खरोखर ऐषारामी म्हणावी अशी एम. जी. कंपनीची ‘एम-नाइन’ जुलै २०२५ मध्ये आली. तिची नवी किंमत शोरूममध्येच ६९ लाख ९० हजार होती, तेव्हा ती जुनी झाली तरी आपल्यापैकी किती जणांच्या आवाक्यात येईल हे ज्याचे त्याने पाहावे. येथे एक इशारा. ‘हायब्रिड’ मोटारीसही काही दलाल विजेची म्हणून पुढे करतात. टोयोटाची वेलफायर किंवा इनोव्हा हायक्रॉस या पेट्रोल पिणाऱ्या मोटारी आहेत. त्यांत विजेची मोटर साहाय्यक असते एवढेच.

आता आसनांविषयी. ‘ई-सिक्स’ बाहेरून ऐसपैस दिसते, आणि आपले लोक लगेच सात माणसे मोजू लागतात. तीत आसने पाचच आहेत. मागे आहे ती सामानाची जागा. तिथे फळी टाकून मुले बसवू, असे एक गृहस्थ आम्हांस म्हणाले. नोंदणीपुस्तकात जितकी आसने लिहिली असतील तितकीच माणसे कायद्याने बसू शकतात, आणि अपघाताच्या वेळी विमा कंपनीही तेच पुस्तक उघडते. सहा किंवा सात आसने हवी असतील तर ‘ईमॅक्स-सेव्हन’कडे वळावे लागेल.

दुसरे गणित अंतराचे. ‘ई-सिक्स’ची जाहिरात एका भरणीत ५२० किलोमीटर सांगत असे. तो आकडा शहरी चाचणीचा. शहर व महामार्ग मिळून केलेल्या चाचणीत तोच ४१५ होतो. बॅटरी ७१.७ युनिटांची. समजा, वापराने तिची शक्ती दहा टक्के घटली आहे. म्हणजे राहिली सुमारे ६४ युनिटे. शहाणा मनुष्य तिचा शेवटचा सहावा-सातवा हिस्सा वापरीत नाही. तेव्हा हाताशी आली ५४. माणसे पूर्ण, सामान पूर्ण, वातानुकूलन चालू आणि महामार्गाचा वेग, अशा स्थितीत शंभर किलोमीटरला वीस युनिटे धरावीत. उत्तर येते २७०. पुण्याहून पंढरपूर सुमारे २१० किलोमीटर. म्हणजे दर्शनास जाणे निर्धास्त, पण परतण्यापूर्वी चार्जिंग केल्यावाचून गत्यंतर नाही. यात मोटारीचा काही दोष नाही. परंतु तीच मोटार भाड्याने लावून दिवसाला दोन खेपा करण्याचे ज्याने योजिले आहे, त्याने हे उत्तर वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. घरच्या सोळा अँपिअरच्या साध्या प्लगवर ही बॅटरी तळापासून भरावयास वीस तास लागतात. सात किलोवॉटचा चार्जर बसविला तर रात्रभरात काम होते. मात्र त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यास कमिटीचे मन वळवावे लागते. यांपैकी कोणते काम अधिक कठीण, हे आपण जाणताच.

तेव्हा जुन्या विजेच्या मोटारीत आपण विकत घेतो ती मुख्यतः बॅटरी, आणि तिच्याबरोबर येणारी हमी. ‘ई-सिक्स’च्या बॅटरीस कंपनीने आठ वर्षे किंवा पाच लक्ष किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी दिली होती. काही कंपन्या पहिल्या मालकास ‘आजीवन’ हमी देतात, आणि मालक बदलताच ती आठ वर्षांवर येते. विकणारा ‘आजीवन’ म्हणाला तर कोणाच्या आजीवन, हे कागदावर पाहावे.

एस. टी.तून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आणि त्यांचा मुलगा यांच्यासमवेत आम्ही अशी एक मोटार पाहावयास गेलो होतो. त्यांच्या जवळची रक्कम चौदा लक्ष, आणि धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे. मोटार दिसावयास उत्तम; गाद्या स्वच्छ, आत अत्तराचा वास. आम्हांस तो वासच खटकला. मोटार मूळची चेन्नईची होती. चेन्नईत डिसेंबर २०२३ मध्ये मोठा पूर आला होता, आणि या मोटारींची बॅटरी तळाशी, जमिनीखालीच बसविलेली असते. पाण्यात बुडालेली मोटार वरून धुऊन पुसून चकचकीत करता येते. आम्ही तीन गोष्टी मागितल्या : कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतील बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी अहवाल, मागील विमा-दाव्यांची माहिती आणि मोटार उचलून तळ पाहण्याची सवड. विक्रेत्याने तिसरी मान्य केली, पहिल्या दोहोंविषयी ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ असे उत्तर दिले. मुलाचा चेहरा उतरला. वडील मात्र उठले आणि चहा न घेता बाहेर पडले. मोटार पुरात सापडली होती की नव्हती हे आम्ही सांगू शकत नाही. पण अहवालाशिवाय तीस वर्षांची कमाई हातावर ठेवणे आम्हांस मान्य नव्हते आणि नाही.

घरासाठी की उतारूंसाठी, हा प्रश्न मोटार पाहण्याच्या आधी सोडवावा. विजेच्या मोटारीची पाटी हिरवी असते. खाजगी असल्यास अक्षरे पांढरी, भाड्याची असल्यास पिवळी. पांढऱ्या अक्षरांच्या मोटारीतून पैसे घेऊन उतारू नेणे हा कायद्याचा भंग आहे, आणि अपघात झाल्यास विम्याचे पैसे अडू शकतात. पिवळ्या अक्षरांच्या मोटारीस ठराविक मुदतीने फिटनेस सर्टिफिकेट घ्यावे लागते. ‘ई-सिक्स’ प्रथम व्यावसायिक वाहतूकदारांसच विकली जात असे. म्हणून ती किती लक्ष किलोमीटर पळाली, हे काट्यावरून नव्हे तर कार्यशाळेच्या नोंदींवरून ताडावे.

कराविषयी थोडे. डिसेंबर २०२४ च्या जी. एस. टी. परिषदेनंतर जुन्या विजेच्या मोटारींवर १८ टक्के कर झाला, म्हणून पुष्कळ जण घाबरले. तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, किंमतीवर नव्हे. व्यापाऱ्याने १४ लक्षांस घेऊन साडेपंधरास विकली, तर कर दीड लक्षावर, म्हणजे २७ हजार. संपूर्ण किंमतीवर कोणी २ लक्ष ७९ हजार मागू लागला, तर त्यास आमच्याकडे पाठवावे. खाजगी गृहस्थाने खाजगी गृहस्थास विकल्यास हा कर मुळीच नाही.

परराज्यातील मोटारीस तेथील आर. टी. ओ.चे ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८, अवश्य घ्यावे. हस्तांतरासाठी नमुने २९ व ३०. कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत कळवावे लागते. बयाणा देण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस मोटारीत बसवून पाहावे. ‘एम-नाइन’ची दारे सरकती आहेत, इतर दोहोंची साधी, आणि तळाशी बॅटरी असल्याने पुष्कळदा शेवटच्या रांगेत गुडघे छातीशी येतात. आजीबाईंस तिथे दोन तास बसवेल की नाही, हे आजीबाईंसच विचारावे.