धाप म्हणजे अशक्तपणा नव्हे
(गेवराई येथील महिला मेळाव्यातील भाषण)



हृदयाचा पंप कमजोर झाला की मेंदू मज्जातंतूंमार्फत त्याला 'आणखी पळ' असा हुकूम देतो. थकलेलं हृदय त्यानं आणखीच थकतं. यावर एक यंत्र निघालं आहे. ते छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवतात. त्याची तार मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला जोडून तिथल्या मज्जातंतूंना चेतना देते. मेंदूला वाटतं, रक्तदाब वाढला. तो हृदयाला उसंत देतो. अमेरिकेत २०१९ साली त्याला मान्यता मिळाली. त्यानं धाप कमी होते, चालणं सुधारतं. आयुष्य वाढतं हे मात्र सिद्ध झालेलं नाही. वेगस या दुसऱ्या मज्जातंतूवरचा ७०७ रुग्णांचा प्रयोग तर २०१६ मध्ये अपयशी ठरला. दोन्ही प्रयोगांत बहुतेक रुग्ण पुरुषच होते.

आणि आपण? २०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायांची गर्भाशयं काढलेली आढळली. सोबत अंडाशयंही अकाली काढली, तर हृदयविकाराचा धोका वाढतो. तरी कोपीवरची बाई धापा टाकू लागली की निदान ठरलेलं: अशक्तपणा, लावा सलाईन!

पायांवर सूज, चालताना धाप, रात्री आडवं होता न येणं, ही हृदयाची हाक असू शकते. यंत्र येईल तेव्हा येईल. कोयता उचलण्याआधी प्रत्येकीचा रक्तदाब आणि ईसीजी सरकारी दवाखान्यात तपासलाच पाहिजे, ही मागणी आपण आजच करू या.