टँकरची तोटी



आज मी पाण्याविषयी बोलणार आहे. पण विहिरीविषयी नाही, धरणाविषयी नाही. टँकरच्या मागं जी लहानशी तोटी असते ना, तिच्याविषयी.

आपला जिल्हा मोठा. त्याचं नाव आधी अहमदनगर होतं, 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. अकोले तालुक्यात सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो. तिथं भंडारदऱ्याचं धरण आहे. पण डोंगराच्या अलीकडं पाथर्डी, पारनेर या बाजूला पाऊस कमी. पाऊस दगा देतो, तेव्हा गावाला टँकर लागतो. 2019 च्या उन्हाळ्यात किती गावं टँकरवर जगली, हे तुम्ही पाहिलंच आहे.

टंचाईच्या दिवसांत टँकरचं पाणी माणशी रोज 20 लिटर धरतात. पिणं, रांधणं, भांडी, सगळं त्यातच.

आता एक हिशेब करू. गळक्या तोटीखाली पेला धरा. एका मिनिटात तो भरला, तर पेल्यात सुमारे 200 मिलिलिटर पाणी आलं. म्हणजे तासाला 12 लिटर. भरलेला टँकर रात्री 12 तास उभा राहिला, तर 144 लिटर. सात माणसांचं दिवसाचं पाणी मातीत गेलं! रांगेत पुढं असलेल्याला हे कळत नाही. शेवटच्या घरची बाई रिकामा हंडा घेऊन परत जाते, तिला कळतं.

तोटी गळते का? घरातला नळ भिंतीत स्थिर असतो. टँकर मात्र खड्ड्यांतून हादरत जातो. हादऱ्यानं तोटीचे आटे हळूहळू ढिले होतात. कुणी तोटीला धरूनच टँकरवर चढतं. कुणी हंडा तोटीला अडकवतं. मग सांधा हलतो आणि पाणी वाट काढतं.

आधी गळती नेमकी कुठं आहे ते शोधा. कोरड्या फडक्यानं तोटी पुसा. मग कोरडा कागद एकेका जागी टेकवा. कागद पहिल्यांदा जिथं भिजेल, तिथं गळती. बंद तोटीच्या तोंडातून थेंब पडत असेल, तर बहुधा आतला वायसर झिजला आहे. तो बदला. तोटी जिथं टाकीला जोडली आहे तिथं ओल दिसली, तर सांधा पुन्हा बसवावा लागेल.

तो असा बसवा.

एक. टाकी रिकामी झाल्यावरच काम करा. भरल्या टाकीची तोटी काढू नका.

दोन. पाने दोन घ्या. एका पान्यानं टाकीकडचा भाग घट्ट धरा. दुसऱ्यानं तोटी फिरवा. एकाच पान्यानं जोर केला, तर टाकीचा जोड उखडतो. मग खर्च मोठा.

तीन. तोटीचे आटे तारेच्या ब्रशनं साफ करा. जुनी टेप, गंज, माती राहू देऊ नका. आटे झिजले असतील किंवा चीर असेल, तर तोटी नवीच घ्या.

चार. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळा. आट्याचं टोक आपल्याकडं करा आणि घड्याळाचे काटे फिरतात त्या बाजूनं गुंडाळा. उलटी गुंडाळली, तर तोटी बसवताना ती सुटून येते. सात-आठ वेढे पुरेत. टेप दाबून बसवा. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जाणार नाहीत.

पाच. तोटी आधी हातानं फिरवा. हात थांबला की पान्यानं थोडी आवळा. तोटी प्लॅस्टिकची असेल, तर फार जोर नको. ती तडकते.

सहा. थोडं पाणी भरून पाहा. टँकर एक फेरी मारून आला की पुन्हा कागद टेकवा. उभ्या गाडीत न गळणारी तोटी रस्त्यावर गळू शकते.

जुने लोक सुतळी आणि सफेदा लावत. पिण्याच्या पाण्याला सफेदा लावू नका. त्यात शिसं असू शकतं. शिसं विषारी आहे, मुलांना तर फार वाईट. वरून ट्यूबची पट्टी आवळणं हाही एका दिवसाचाच उपाय.

आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात, हिवरे बाजार हे गाव आहे. पूर्वी तिथं दुष्काळ होता. आज ते गाव दरवर्षी पाण्याचा जमाखर्च मांडतं. पाणी किती आलं, किती वापरायचं, हे ग्रामसभेत ठरतं. आपल्याला एवढं सगळं एका दिवसात जमणार नाही. पण खर्चाच्या बाजूची एक गळती तर आज बंद करता येईल.

टँकरची तोटी सगळ्यांची, म्हणून ती कुणाचीच नाही, असं होतं. ग्रामसभेत एका माणसाचं नाव ठरवा. त्याच्या हाती दोन पाने, एक वायसर आणि एक टेप द्या. टँकर गावात आला की त्यानं आधी तोटीला कागद टेकवावा, मग पाणी सोडावं.

टेप थोड्या रुपयांची आहे. रांगेतल्या शेवटच्या हंड्याची किंमत त्याहून फार मोठी आहे.