‘खुकरी’वरचे १७६ नौसैनिक



आज ९ डिसेंबर. १९७१च्या युद्धात याच तारखेला, रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या किनाऱ्यापासून चाळीसेक सागरी मैलांवर आपली ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. त्या भागात पाकिस्तानी पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला होता. तिच्या शोधासाठी ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ मुंबईहून निघाल्या होत्या. शोध चालू असतानाच ‘हंगोर’ या पाणबुडीचा पाणतीर ‘खुकरी’वर आदळला. काही मिनिटांत नौका तळाशी गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले.

‘खुकरी’चे कप्तान कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिले आणि ते स्वतः नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांचे शौर्य आपण सांगतो आणि सांगत राहिलेच पाहिजे. आज मात्र मला त्या १७६ जणांविषयी बोलायचे आहे.

कप्तानाचा हुकूम तडीस जातो तो नौसैनिकांच्या हातून. कोणी बॉयलरच्या धगीत उभा असतो, कोणी सोनार यंत्रणेला कान लावून बसलेला, कोणी सगळ्यांसाठी रांधत असतो. नौकेच्या पोटात राबणाऱ्याला समुद्र दिसतही नाही. वर यायला अरुंद शिडी आणि तेवढीच अरुंद वाट. नौका बुडू लागल्यावर काही मिनिटांत किती जण वर पोचणार?

रणभूमीवर पडलेल्या जवानाला निदान अग्नी मिळतो. समुद्राने नेलेल्याचे अंत्यदर्शन नाही, अस्थी नाहीत. घरच्यांजवळ उरते फक्त त्याचे नाव. ते जपणे हे आपले काम आहे.

नौदलाने हे काम केले आहे. माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या युद्धनौकेला १९८९ साली ‘खुकरी’ हेच नाव दिले. तिने ३२ वर्षे सेवा केली. दीवला समुद्राकाठी स्मारकही उभे आहे.

आता आपली पाळी. दीवला गेलात तर किल्ल्याबरोबर हे स्मारकही पाहा. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय युद्धस्मारकात ‘खुकरी’च्या वीरांची नावे शोधा आणि मुलांकडून ती मोठ्याने वाचून घ्या. नौदल दिन ४ डिसेंबरला आपण अभिमानाने साजरा करतो. ९ डिसेंबरही तितक्याच आदराने पाळू या.