फेफऱ्याचे औषध आणि घरखर्च

बेळगावहून खानापूरकडे जाणारा रस्ता उद्यमबाग मागे टाकून पिरनवाडीत येतो. या गावातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. कर्ता मुलगा कारखान्यात कामाला आहे. लहानपणापासून जडलेला फेफऱ्याचा विकार गोळ्यांमुळे दोन वर्षे आटोक्यात आहे. पगाराला आठवडा उरतो, डबीतल्या गोळ्या संपत येतात, आणि आई सकाळची गोळी देऊन रात्रीची राखून ठेवते. चौथ्या दिवशी मुलगा यंत्राजवळच कोसळतो. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम रिक्षा, इस्पितळ आणि बुडालेली मजुरी यांत जाते.

आईची काटकसर चुकीची नव्हती. तिची जागा चुकली. अपस्माराचे औषध रक्तात ठरावीक प्रमाणात सतत असावे लागते. ते एकाएकी कमी झाले, तर झटके उसळून येतात आणि प्रसंगी जिवावर बेततात. म्हणून काटकसर करावी ती किमतीत, मात्रेत नव्हे.

ती शक्य आहे, कारण यांतील बरीच औषधे जुनी आहेत. फेनोबार्बिटोन १९१२ पासून या विकारावर दिले जाते, फेनिटॉइन १९३८ पासून. कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएट १९६० नंतरच्या काही वर्षांत वापरात आली. त्यांच्यावर आज कोणा एका कंपनीचा हक्क नाही. एकच औषध अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात आणि किमतीत मोठे अंतर पडते. म्हणून पट्टीवरील कंपनीच्या नावाखेरीज मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅमचा आकडा वहीत उतरून ठेवावा. अत्यावश्यक यादीतील औषधांची कमाल किंमत सरकार २०१३ च्या आदेशान्वये ठरवते. छापील किंमत ही वरची मर्यादा होय. त्याहून कमी दरात विकण्यास दुकानदाराला आडकाठी नाही. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत मूळ नावाची औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयातही आधी चौकशी करावी.

मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे. स्वस्त गोळी घ्यायची, तर डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि एकदा ठरली की दर महिन्याला त्याच कंपनीची घ्यावी. हळूहळू विरघळणारी गोळी आणि साधी गोळी एक नव्हेत. बाळंतपणाच्या वयातील स्त्रीने व्हॅल्प्रोएटविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे, कारण गर्भाला त्याचा धोका असतो; पण भीतीपोटी तेही मनाने बंद करू नये. डॉक्टरांपुढे पैशांची अडचण सांगण्यात कमीपणा नाही. ती कळली, तर त्यांना परवडणारे औषध निवडता येते.

खरी उधळपट्टी होते ती अन्यत्र. झटका आला की कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची, हातात किल्ल्या कोंबायच्या. आणि मग हमखास गुण देणाऱ्या पुड्यांवर हजारो रुपये घालवायचे. अपस्मार बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. झटक्याच्या वेळी रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर इस्पितळ गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास शंभरातील सत्तर रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात. त्या सत्तरांत आपल्या घरचा माणूस असावा, असे वाटणाऱ्याने पुढच्या महिन्याच्या गोळ्या पगाराच्या दिवशीच, किराण्याच्या आधी आणाव्यात.