कातळावरील चित्रे आणि शाळेतील मूल

अमेरिकेच्या यूटा राज्यातील वाळवंटात हॉर्सशू कॅनियन नावाची खोल दरी आहे. १९७१ साली ती कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानास जोडण्यात आली. तेथील एका कातळभिंतीवर सुमारे २०० फूट लांब चित्रांची रांग आहे. तांबड्या रंगातील कित्येक मानवाकृती पुरुषभर उंच असून अनेकांस हातपायच नाहीत.

तेथील आदिवासींच्या पूर्वजांची ही चित्रे कित्येक सहस्र वर्षांपूर्वीची असावीत, असा समज दीर्घकाळ होता. भिंतीलगतच्या वाळूस व कोसळलेल्या शिळेस शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा लागला, हे संशोधकांनी मोजले. आणि २०१४ साली चित्रांचा काळ सुमारे ९०० ते २००० वर्षांपूर्वीचा ठरला. पुरावा मिळताच मत बदलणे, हेच खरे ज्ञान होय.

हाताच्या तेलकट स्पर्शानेही असे रंग बिघडतात. कोरलेले नाव तर कधीच पुसले जात नाही. सहलीत लेण्याच्या भिंतीकडे खडू घेऊन वळणारा हात शिक्षकाने प्रेमाने थांबवावा, त्यामागील कारण सांगावे, आणि त्याच हाती कागद द्यावा. मुलाने चित्र पाहून काढावे. भिंत मात्र पुढील पिढीसाठी तशीच राहू द्यावी.